आमलक : शिखरावरील चक्राचे नाव आणि त्याचे कूळ

देवळाच्या जीर्णोद्धारात कलशारोहणाचा दिवस सर्वांत मोठा. त्या दिवशी माहेरवाशिणी येतात, मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेली माणसे येतात, आणि साऱ्या गावाचे डोळे एकाच वेळी शिखराच्या टोकाकडे लागतात. कलश म्हणजे काय हे गावातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु हा कलश ज्याच्या डोक्यावर बसतो त्या गोल, चपट्या, कडेने फाका पाडलेल्या दगडाचे नाव काय, असे विचारले तर चार ठिकाणी चार उत्तरे मिळतात. कोणी त्याला चाक म्हणतो, कोणी चक्री म्हणतो, कोणी कमळ म्हणतो. तोच दगड पडक्या देवळाच्या आवारात गवतात पडलेला असला तर त्याला जुन्या जात्याचा दगड समजून लोक पुढे जातात. वास्तविक त्या दगडाला स्वतःचे, जुने आणि अतिशय घरगुती असे नाव आहे. ते नाव म्हणजे आमलक. प्रत्येक घरी कार्तिकात येणाऱ्या आवळ्याचेच हे संस्कृत नाव होय.

गोल वस्तूंची मराठी नावे

गोल आणि चपट्या आकाराला मराठीत एकच शब्द नाही. पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचे घर निराळे आहे. गाडीचे ते चाक. हा शब्द संस्कृत चक्रापासून आला. धातूची वा लाकडाची कापलेली गोल तुकडी ती चकती. तीही चक्राच्याच कुळातली. गाण्याची ती तबकडी. ती तबकापासून झाली, आणि तबक हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. सूर्याचे आणि चंद्राचे ते बिंब. पूजेत रेखतात ते मंडल. चंद्रावरून आला तो चांदवा. ह्या शब्दांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. नुसता आकार सांगणारा शब्द लोकांनी क्वचितच घडविला. त्यांनी डोळ्यांसमोरची एखादी वस्तू घेतली आणि तिचे नाव त्या आकाराला दिले. देवळाच्या माथ्यावरच्या चक्राला नाव देताना जुन्या कारागिरांनी हेच केले. त्यांनी रथाचे चाक घेतले नाही, सूर्याचे बिंब घेतले नाही. झाडावरचा आवळा घेतला.

आमलकाचा आवळा कसा झाला

संस्कृतातील आमलक हा शब्द मराठीत आवळा होऊन आला. हा बदल मनमानी नाही. दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या संस्कृत ‘म’चा मराठीत बहुधा ‘व’ होतो. नाम ह्याचे नाव झाले, ग्राम ह्याचे गाव झाले. श्यामलाचा सावळा झाला, कोमलाचा कोवळा झाला. त्याच रीतीने आमलकाचा आवळा झाला. मधल्या ‘ल’चा मराठीच्या स्वभावाप्रमाणे ‘ळ’ झाला आणि शेवटचा ‘क’ गळून त्या जागी ‘आ’ राहिला. घोटक शब्दाचा घोडा झाला तोही असाच. आमलकी हे झाडाचे नाव. त्याचे मराठीत आवळी झाले. फाल्गुन शुद्ध एकादशीला आमलकी एकादशी म्हणतात आणि कार्तिकात आवळीभोजन करतात. नावे दोन दिसतात, झाड एकच आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हा शब्द ‘अमलक’ असा लिहिलेला आढळतो आणि अमल म्हणजे मलरहित, निर्मळ, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. अर्थ सुंदर आहे, आणि देवाच्या मस्तकाशी शोभणाराही आहे. तथापि शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ आहे. तो ‘आमलक’ आहे. जुन्या ग्रंथकारांना निर्मळतेचा अर्थही प्रिय वाटला असेल, परंतु शब्द मूळचा फळाचा आहे. तसेच आवळा आणि आवळणे ह्या दोन शब्दांत सारखेपणा आहे तो केवळ ध्वनीचा. तरीही शिखरावरचा आवळा खरोखरच शिखराला आवळून धरतो, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. त्याविषयी पुढे येईलच.

आता फळ आणि दगड ह्यांचे साम्य कोठे आहे ते पाहावे. आवळा चेंडूसारखा पूर्ण गोल नसतो. देठाकडून आणि तळाकडून तो किंचित दबलेला असतो. त्याच्या अंगावर देठापासून खालपर्यंत सहा पुसट रेषा असतात. आवळा वाफवला की ह्या रेषांवरच त्याच्या फाका सुट्या होतात, हे मोरावळा घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. दगडी आमलक असाच वरून-खालून दबलेला असतो आणि त्याच्या कडेला अशाच फाका असतात. मात्र त्यांची संख्या सहावर थांबत नाही. दगड जेवढा मोठा तेवढ्या फाका अधिक. ह्यामुळे काही अभ्यासकांना त्यात कमळ दिसले, काहींना सूर्याचे किरण दिसले. स्टेला क्रामरिश ह्या विदुषींनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू मंदिरावरील इंग्रजी ग्रंथात आमलकाचा विस्ताराने विचार केला आहे. मते काहीही असोत, ज्यांनी दगड घडविला त्यांच्या परंपरेने त्याला आवळाच म्हटले.

आवळाच का?

फळे पुष्कळ असताना आवळ्यालाच हा मान का मिळाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या परंपरेतील आवळ्याच्या स्थानात आहे. आयुर्वेदात आवळ्याची थोरवी फार. च्यवनप्राशात तो मुख्य आणि त्रिफळ्यातील एक. तुळशीच्या लग्नात ऊस आणि चिंच ह्यांच्या जोडीला आवळा लागतोच. एखादी गोष्ट अगदी स्पष्ट समजली म्हणजे ती ‘हस्तामलकवत्’ झाली असे म्हणतात. तळहातावरचा आवळा जसा सर्व बाजूंनी दिसतो तशी. आद्य शंकराचार्यांच्या एका शिष्याचे नावच हस्तामलक असे होते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आवळा हे गरिबाच्या दानाचे फळ आहे. शंकराचार्यांविषयी अशी कथा सांगतात की, बालपणी ते भिक्षेला एका दरिद्री घरी गेले असता त्या गृहिणीजवळ घालण्यासारखे काहीच नव्हते. तिने घरात शोधून सापडलेला एक आवळा त्यांच्या झोळीत घातला, आणि त्यावरून कनकधारा स्तोत्राचा जन्म झाला. दुसरी कथा सम्राट अशोकाची आहे. ती ‘अशोकावदान’ ह्या बौद्ध ग्रंथात आली आहे. आयुष्याच्या अखेरीस आजारी राजाची दानशक्ती मंत्र्यांनी बंद केली. साऱ्या जंबुद्वीपाच्या स्वामीच्या हाती उरला तो फक्त अर्धा आवळा. त्याने तोच पाटलिपुत्राच्या कुक्कुटाराम विहारात संघाला पाठविला. सर्वांना अंश मिळावा म्हणून भिक्षूंनी तो वाटून कढणात घातला आणि ते कढण साऱ्या संघाला वाढले. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग ह्याने त्या जागी आमलक-स्तूप असल्याची नोंद केली आहे.

ह्या कथा इतिहास म्हणून किती खऱ्या, हा प्रश्न वेगळा. परंतु ह्या देशातील माणसाला आवळा म्हटला की काय आठवत असे, ते त्यांवरून कळते. लहानात लहान, तरीही पूर्ण मनाने दिलेली वस्तू म्हणजे आवळा. ज्या देवळाच्या वर्गणीच्या यादीत हजार रुपयांशेजारी एक रुपयाही लिहिलेला असतो, त्या देवळाच्या माथ्यावर आवळा असावा ह्यात औचित्य आहे.

दगडातला आवळा प्रथम कोठे दिसतो

आमलक शिखरावर चढण्यापूर्वी कित्येक शतके खांबावर होता, आणि ते खांब पाहावयास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. मावळातील बेडसे येथील लेण्याच्या दर्शनी खांबांवर, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्षहरात व सातवाहन राजांच्या काळच्या विहारांच्या ओसरीवर, घंटेच्या आकाराचे खांबांचे माथे आहेत. त्यांच्यावर चौकोनी पेटीसारखी चौकट कोरली असून तिच्या आत फाका पाडलेला आमलक बसविलेला दिसतो. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आणि बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत. पुढे सहाव्या शतकाच्या सुमारास मुंबईजवळच्या घारापुरीच्या शैव लेण्यात हाच आमलक चौकटीतून मोकळा झाला, आणि खांबाच्या माथ्यावर फुगीर उशीसारखा प्रकट झाला. तेथील भव्य खांबांवर ह्या दगडी उशीच्या फाका सहज मोजता येतात. म्हणजे हा आवळा कोणा एका पंथाचा नाही. बौद्धांनी तो कोरला आणि शैवांनीही कोरला.

बांधीव देवळांना उंच शिखर येऊ लागले तसा आमलक खांबावरून शिखरावर गेला. कर्नाटकात पट्टदकल येथे सातव्या-आठव्या शतकांतील चालुक्यांची देवळे एकाच आवारात उभी आहेत. त्यांतील काही उत्तरेकडच्या नागर पद्धतीची, काही दक्षिणेकडच्या द्राविड पद्धतीची आहेत. ती शेजारी शेजारी पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. नागर शिखराची रेषा वर जाता जाता आत वळते आणि आमलकाखाली थांबते. द्राविड विमान पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि त्याच्या शेंड्याला घुमटी असते. तेथे आमलक नाही. शिखर हा शब्दही दोन्हीकडे एकाच अर्थाने चालत नाही. उत्तरेकडे सारा बुरूज म्हणजे शिखर, तर दक्षिणेच्या शिल्पशास्त्रात केवळ ती वरची घुमटी म्हणजे शिखर. महाराष्ट्र ह्या दोन्ही प्रवाहांच्या मध्ये वसला आहे. येथील बहुतेक जुन्या दगडी देवळांनी आमलकाची परंपरा पत्करली.

देवळाचा देह आणि त्याचे माप

शिल्पशास्त्राने देऊळ हे देह मानले आहे. त्याच्या भिंतीला जंघा म्हणतात. शिखर जेथे संपते त्या थराला स्कंध, म्हणजे खांदा, म्हणतात. खांद्यावर ग्रीवा, म्हणजे मान. मानेवर आमलक, त्यावर चंद्रिका नावाची बसकी चकती, तिच्यावर धाकटा आमलक, त्यावर कलश, आणि कलशाच्या तोंडाशी बीजपूरक. बीजपूरक म्हणजे म्हाळुंग. कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मीच्या हातात आहे तेच फळ. एकूण देवळाच्या माथ्यावर दोन फळे आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा घट, अशी रचना झाली. ओरिसाच्या कारागिरांनीही हीच देहाची भाषा वापरली. ते मानेला बेकी म्हणतात, आमलकाला अंला म्हणतात, आणि त्यावरच्या भागाला खपुरी, म्हणजे कवटी, म्हणतात. भुवनेश्वरच्या अकराव्या शतकातील लिंगराज मंदिरावर बसलेले सिंह जणू हा अंला तोलून धरीत आहेत असे दाखविले आहे.

गुजरात-राजस्थानच्या परंपरेत आमलकाला आमलसार किंवा आमलसारक म्हणतात. पंधराव्या शतकात मेवाडच्या महाराणा कुंभाच्या पदरी मंडन नावाचा थोर सूत्रधार होता. त्याच्या ‘प्रासादमंडन’ ह्या ग्रंथात ह्या भागाचे माप दिले आहे. आमलसाराची जेवढी रुंदी त्याच्या निम्मी उंची धरावी आणि त्या उंचीचे चार भाग करावेत. त्यांतील पाऊण भाग मानेला, सव्वा भाग मोठ्या आमलकाला, एक भाग चंद्रिकेला आणि एक भाग धाकट्या आमलकाला द्यावा. समजा, आमलक चार हात रुंद आहे. तर उंची दोन हात, म्हणजे अठ्ठेचाळीस अंगुळे, आणि एक भाग बारा अंगुळांचा. तेव्हा मान नऊ अंगुळे, आमलक पंधरा, चंद्रिका बारा आणि धाकटा आमलक बारा. बेरीज बरोबर अठ्ठेचाळीस. हे माप ज्या शिखरावर पाळले आहे तेथे दुरून पाहणाऱ्याला काही अधिक-उणे वाटत नाही, आणि का वाटत नाही हेही त्याला सांगता येत नाही.

ह्याच परंपरेत आमलकाला अंडक असेही एक नाव आहे, आणि शिखरे अंडकांनी मोजतात. मुख्य शिखराभोवती जितकी उपशिखरे, तितके आमलक. केसरी प्रासादाला पाच अंडके सांगितली आहेत, आणि मेरू प्रासादाला एक हजार एक. म्हणजे आवळा मोजला की देवळाची जात कळत असे.

नुसती शोभा नव्हे

आमलक ही शोभेची वस्तू आहे असा समज सर्वत्र आहे. तो पुरता बरोबर नाही. जुन्या शिखरात कमान नसे. दगडाचा एक थर मांडावयाचा, त्यावरचा थर किंचित आत सरकवावयाचा, त्यावरचा आणखी थोडा आत, अशा रीतीने चारही बाजू वर जाता जाता जवळ येत. शेवटी माथ्यावर थोडी मोकळी जागा उरे. तेथे जड आणि रुंद आमलक बसला की मोकळी जागा झाकली जाई आणि चारही बाजूंना एकत्र दाब मिळे. मोठ्या देवळांचा आमलक एका दगडाचा नसून कलिंगडाच्या फाकांप्रमाणे अनेक तुकडे जुळवून केलेला असे. त्याची कड मानेबाहेर येते, म्हणून पावसाचे पाणी मानेच्या सांध्यात न मुरता बाहेर पडते. जे एकमेकांना धरून राहत नाहीत त्यांना मराठीत आवळ्याची मोट म्हणतात. देवळाच्या माथ्यावर मात्र नेमके उलट घडते. तेथे एक आवळा साऱ्या दगडांची मोट बांधून ठेवतो.

महाराष्ट्रातील देवळे आणि आमलक

महाराष्ट्रात जुने दगडी देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणण्याची रीत आहे. हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री होता. परंतु अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा. तेव्हा चुन्यावाचून दगड सांधण्याची ही कला त्याच्या पूर्वीपासून येथे नांदत होती. अंबरनाथचे शिखर भूमिज जातीचे आहे. ह्या जातीत चार बाजूंना चार उभे पट्टे वर जातात आणि त्यांच्यामध्ये इवल्या इवल्या शिखरांच्या ओळी रचलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हा ह्याच जातीचा यादवकालीन नमुना. ते पंचायतन आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहिले असता स्कंध, मान आणि आमलक हा क्रम डोळ्यांनी वाचता येतो.

मराठ्यांच्या अमदानीत देवळे पुन्हा मोठ्या संख्येने उभी राहिली. नानासाहेब पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचे काळ्या दगडाचे मंदिर बांधविले आणि अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. परंतु गावोगावच्या देवळांना दगडी शिखराचा खर्च झेपणारा नव्हता. तेथे वीट आणि चुना आला. शिखरावर कोनाडे, मूर्ती आणि पाकळ्या आल्या. चुन्याच्या हलक्या शिखराला दाबून धरणारा जड दगड लागत नव्हता. म्हणून आमलक आकसला, कोठे त्याचे कमळ झाले, तर कोठे नुसते वळे राहिले. काम गेले तसे नावही गेले. विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीट आले तेव्हा आमलक साच्यातून निघू लागला, आणि ओतणाऱ्या गवंड्याला तो काय आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

नाव राहिले तर दगड राहील

शब्दाची ही चर्चा केवळ पांडित्यासाठी नाही. जीर्णोद्धाराच्या कामात जुन्या दगडाचे भवितव्य पुष्कळदा एका शब्दावर ठरते. ज्याला जात्याचा दगड म्हटले तो पायाच्या भरावात जातो. ज्याला चाक म्हटले तो पाराखाली गाडला जातो. ज्याला निनावी म्हटले तो फुटून खडी होतो. त्यालाच कोणी आमलक म्हणाला की चार माणसे थांबतात, दगड उलटून पाहतात, फाका मोजतात आणि त्याचे उरलेले तुकडे शोधू लागतात. एका आमलकावरून शिखराची रुंदी काढता येते, मंडनाच्या मापाने मानेची उंची काढता येते, आणि नाहीसे झालेले देऊळ केवढे होते ह्याचा बराचसा अंदाज बांधता येतो. कित्येक गावांत पहिल्या देवळाचा कागद नाही, ताम्रपट नाही, शिलालेख नाही. तेथे गवतात पडलेला हा दगडी आवळा हाच काय तो लेख.

म्हणून जेथे जीर्णोद्धार निघेल तेथे गावकऱ्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जुना आमलक हलविण्याआधी त्याचे माप घ्यावे, तुकड्यांवर खुणा कराव्यात आणि छायाचित्र काढून ठेवावे. तो धड असेल आणि नव्या शिखराला पेलणारा असेल तर जाणकाराच्या सल्ल्याने पुन्हा माथ्यावर चढवावा. तसे शक्य नसेल तर देवळाच्या आवारात ओटा बांधून, शेजारी नाव लिहून, मानाने ठेवावा. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, आणि पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय दगडाला हात लावता येत नाही. नव्याने काँक्रीटचा आमलक ओतावयाचा असला तरीही त्याचे माप जुन्याच्या प्रमाणात ठेवण्यास जादा पैसा पडत नाही.

कलश सोन्याचा असो, तांब्याचा असो की पितळेचा, तो उन्हात लखलखतो आणि सर्वांना दिसतो. त्याला उचलून धरणारा आमलक दगडाच्या रंगाचा असतो आणि दृष्टीआड राहतो. गावातही असेच असते. ज्यांनी अर्धा आवळा दिला, एक दिवस माती वाहिली, एक डोई पाणी आणून घातले, त्यांची नावे संगमरवरी पाटीवर येत नाहीत. परंतु भार त्यांच्याच माथ्यावर असतो. कलशाला हात जोडताना त्याच्या खालच्या आवळ्याकडेही नजर जावी, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला त्याचे नाव सांगितले जावे. मुलाला नाव कळले म्हणजे पुढच्या जीर्णोद्धाराच्या वेळी तो दगड ओळखणारा एक तरी माणूस गावात असेल.